रिकामी फिरणारी चक्की

गेल्याच्या गेल्या वर्षी हिवाळ्यात तृतीय वर्षाची मुले घेऊन वेरूळला जाण्याचा योग आला. बुटीबोरीहून निघायचे, शिवमडक्याला समृद्धी महामार्गाला लागायचे आणि दुपारच्या जेवणाला पलीकडे पोहोचायचे, इतके आता ते सोपे झाले आहे. (डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू होण्यापूर्वी अशी सहल म्हणजे रात्रभराच्या गाडीचा प्रवास असे, आणि वाटेत निम्मा वर्ग उलट्या करी.) वेरूळ झाले, बीबी का मकबरा झाला, आणि परतीच्या दिवशी सकाळी दोन तास हाती उरले म्हणून आम्ही पाणचक्कीला गेलो. 'उरलेल्या वेळात पाहण्याचे ठिकाण' ही पाणचक्कीची आजची प्रतिष्ठा आहे. मीही तिला याहून वेगळे वागवले नाही, हे आधीच कबूल करते.

मुलांनी नेहमीप्रमाणे हौदातले मासे पाहिले, भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्यासमोर छायाचित्रे काढली, वडाच्या झाडाचे वय विचारले. आमच्या वर्गातला एक मुलगा मात्र चक्कीच्या खोलीसमोरून हलेना. त्याच्या वडिलांची बुटीबोरीला पिठाची चक्की आहे. औद्योगिक वसाहतीत कामाला येणाऱ्या कुटुंबांचे दळण तिथे येते. दगड फिरत होता, खाली पाणी वाजत होते. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "मॅडम, हे तं रिकामंच फिरून रायलं. असं फिरवलं तर टाकी जाते ना दगडाची."

मला आजीची आठवण झाली. रिकामे जाते फिरवू नये, असे ती बजावत असे. आम्ही ते अपशकुनाच्या यादीत टाकले होते. त्या मुलाला त्यातले कारण ठाऊक होते. दोन दगडांमध्ये दाणा असला की दगड दाण्यावर चालतो. दाणा नसला की दगड दगडावर चालतो, त्याच्या टाक्या बोथट होतात आणि पिठात कच येते. जात्याला टाकी लावणारे पूर्वी गावोगाव फिरत असत, त्यांचा खर्च वाचवणारा हा नियम होता. पुढे त्याने विचारले, "आणि पाणी कुठून येते?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तिथून परतल्यावर जे वाचले आणि जे मनात साचले, ते इथे मांडते आहे.

पाणचक्की हे मुळात एका तकियाचे, म्हणजे फकिरांच्या निवासस्थानाचे अंग. बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवान या गावाकडून आलेले बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी पंथाचे सूफी औरंगजेबाच्या काळात इथे स्थिरावले. त्यांचे गुरुबंधू म्हणा वा मार्गदर्शक म्हणा, असे बाबा पलंगपोश हे गाझीउद्दीन खान फिरोजजंग याच्या फौजेबरोबर दख्खनभर फिरत. हा फिरोजजंग म्हणजे पहिल्या निजामाचा पिता. या दोघांच्या आठवणी आणि वचने शाह मुसाफिरांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी फारसीत नोंदवून ठेवली. सायमन डिग्बी यांनी केलेला त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २००१ साली प्रसिद्ध झाला. मध्य आशियातून नशीब काढायला आलेले शिपाई, कर्जबाजारी सरदार, वाट चुकलेले मुसाफिर अशा माणसांची त्यात वर्दळ आहे. चमत्कार आहेत, तसेच शिध्याची आणि निवाऱ्याची विवंचनाही आहे. अशा ठिकाणी रोज किती माणसे जेवायला बसतील याचा नेम नसतो. तिथे पीठ हा धर्माइतकाच गंभीर विषय असणार.

बांधकामाच्या श्रेयाबद्दल पर्यटनाच्या पुस्तिकांत एक ठरलेले वाक्य आढळते: निजामउल्मुल्क आसफजाह याच्या पदरी असलेल्या तुर्कताझखान या सरदाराने १६९५ मध्ये हे काम केले. आता १६९५ साली औरंगजेब हयात होता, आणि पुढे आसफजाह म्हणून गाजलेला मीर कमरुद्दीन हा तेव्हा चोविशीतला तरुण होता; 'निजामउल्मुल्क' ही पदवी त्याला मिळायला अजून बरीच वर्षे होती. म्हणजे साल आणि पदवी यांचा मेळ बसत नाही. दुसरी परंपरा जमीलबेगखानाचे नाव आणि १७४४ हे साल सांगते. विविध भाग वेगवेगळ्या वेळी बांधले गेले असावेत आणि शाह महमूदांच्या दीर्घ कारकिर्दीत त्यांना एकत्रित रूप आले असावे, असे मानणे मला सयुक्तिक वाटते. पण लेखनवाचन करणाऱ्या माणसांनी बांधलेली वास्तू. तिच्या जन्मतारखेतली ही विसंगती वर्षानुवर्षे तशीच छापली जाते आणि कुणाला खटकत नाही, यावरून तिच्याकडे किती लक्ष दिले जाते हे कळते. लेण्यांच्या बाबतीत असे झाले असते, तर एव्हाना दोन परिसंवाद होऊन गेले असते.

आता पाण्याकडे वळू. हे पाणी हर्सूलच्या बाजूला, नदीजवळच्या एका विहिरीत गोळा होते आणि तिथून जमिनीखालच्या नळीतून शहराकडे येते. अंतर साधारण सहा किलोमीटर सांगतात. काही ठिकाणी याहून अधिक दिलेले आढळते. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवलेले, भोवती चुन्याचे बांधकाम, आणि उतार इतका बेताचा की पाणी वाहत राहावे, पण धावू नये. पाणचक्कीशी आल्यावर हे पाणी एका उंच भिंतीत चढवले आहे. यात जादू काही नाही. उगमाची पातळी उंच आहे आणि नळ बंद आहे, त्यामुळे पाणी आपल्या मूळ पातळीच्या ओढीने वर चढते. तिथून ते हौदात पडते. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. भर उन्हाळ्यात त्या दालनात बसणाऱ्या माणसाच्या डोक्यावर चहूबाजूंनी थंड पाणी असते. चक्कीसाठी पाण्याची वेगळी धार सोडलेली आहे. ती आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळते, चाकाच्या मध्यातून सरळ वर गेलेला लोखंडी आस फिरतो आणि त्याबरोबर वरचा दगड फिरतो. दातेरी चक्रे नाहीत, पट्टा नाही. हिमालयातले घराट याच तत्त्वावर चालतात.

किती ताकद मिळत असेल? मराठीच्या शिक्षिकेने आकडेमोड करू नये असे विज्ञान शाखेतील आमचे सहकारी म्हणतात, तरी उदाहरणादाखल एक हिशेब मांडते. समजा, सेकंदाला पन्नास लिटर पाणी चार मीटर उंचीवरून पडले. त्यातून जास्तीत जास्त दोन हजार वॅटच्या आत शक्ती मिळेल. आडव्या चाकाच्या गळतीत दोन तृतीयांश गेली असे धरले, तरी सहा-साडेसहाशे वॅट उरते. घरगुती पिठाच्या चक्कीची मोटर एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅटची असते. तेव्हा तकियाची ही चक्की आपल्या स्वयंपाकघरातल्या चक्कीच्या जवळपासची. फक्त ती दिवसरात्र चालू शकत होती, आणि तिला बिल येत नव्हते.

इथे थोडे अवांतर. 'पाणचक्की' या शब्दातला 'पाण' पाणवठ्यातला आणि पाणपोईतलाच. पण 'चक्की' हा शब्द पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाला थोडा परका वाटेल. तिकडे गिरणीत दळण देतात. आम्ही विदर्भातले लोक मात्र चक्कीवरच दळण नेतो. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात; बहिणाबाई चौधरींची 'घरोट' ही कविता आपण सर्वांनी वाचलेली असते. गढवाल-कुमाऊँमध्ये पाण्यावरच्या चक्कीला घराट म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृत 'घरट्ट' या एकाच शब्दापासून आलेले. हजार किलोमीटरच्या अंतरावर एका ठिकाणी तो शब्द बाईच्या हाताशी राहिला आणि दुसऱ्या ठिकाणी नदीच्या हवाली झाला. गेल्या वर्षी आमच्या विद्यार्थ्यांना मी बुटीबोरीच्या कामगार वस्त्यांतून दळणाचे शब्द गोळा करायला सांगितले होते. जाते, जांता, चकिया असे शब्द आले, आणि भोजपुरी बोलणाऱ्या एका आजीकडून जँतसार, म्हणजे जात्यावरच्या गाण्यांचे नावही आले. एका मुलीने विचारले, पाणचक्कीवरची गाणी असतात का?

हा प्रश्न मला अजून सोडवत नाही. मराठी कवितेचा अर्धा इतिहास जात्याजवळ घडला आहे असे म्हटले, तर ती अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी होणार नाही. जनाबाईबरोबर दळायला प्रत्यक्ष विठ्ठल बसतो, ही कल्पना ज्या समाजाला सुचली, त्या समाजात दळण्याचे कष्ट किती एकाकी असतील! घरच्या पाच-सात माणसांचे पीठ व्हायचे म्हणजे पहाटेचे दोन-तीन तास दगड ओढायचा. त्या कष्टातून ओवी आली. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी हजाराहून अधिक गावांतून अशा लाखभर ओव्या जमवल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या आवाजासह प्रकाशित होत आहेत. जाते गेले, तरी जात्याचे गाणे जपले गेले, हे आपल्या भाषेचे भाग्य.

पाणचक्कीला ओवी नाही, कारण तिथे कुणाला दगड ओढावा लागत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी थेसलोनिकीचा अँटिपेटर नावाचा ग्रीक कवी पाणचक्कीवर एक छोटी कविता लिहून गेला. दळणाऱ्या दासींनो, आता उशिरापर्यंत झोपा, तुमचे काम जलदेवतांकडे सोपवले आहे, असा तिचा आशय आहे. पाणचक्कीकडे पाहताना त्या कवीला आधी दळणाऱ्या बाया आठवल्या. आपल्याकडे ही वास्तू पाहताना कारंजे, मासे आणि वड आठवतो. तकियात रोज शेकडो माणसे जेवत असतील, तर चक्की येण्याआधी त्यांचे पीठ कोण दळत होते? इतिहास हे सांगत नाही. पण चक्की बसली त्या दिवशी कुणाच्या तरी खांद्यांना विसावा मिळाला असणार, आणि ही वास्तू जपण्याचे ते एक सबळ कारण आहे. राजांनी स्वतःसाठी बांधलेल्या वास्तू आपण उदंड जपतो. कष्ट कमी करण्यासाठी बांधलेले, आणि अजून उभे असलेले, असे महाराष्ट्रात किती उरले आहे?

पाणचक्की उपेक्षित आहे असे म्हटले की तिथे गेलेले लोक चकित होतात. तिकीट आहे, गर्दी आहे, आवारात दर्गा आहे, राज्याच्या वक्फ मंडळाचे मुख्यालयही तिथेच आहे. मग उपेक्षा कसली? माझे म्हणणे असे की जे दिसते ते पाणचक्कीचे केवळ तोंड आहे. तिचे धड सहा किलोमीटर लांब आहे आणि ते जमिनीखाली आहे. नहर हीच खरी वास्तू; चक्की, हौद, कारंजे हे तिच्या टोकाचे अलंकार. आणि या नहरीवरून आता रस्ते गेले आहेत, घरे उठली आहेत, कुणाच्या तरी पायाच्या खोदाईत मातीचे नळ फुटले आहेत. नळ फुटला की वरचे सांडपाणी आत शिरते. उगम कोरडा पडला की उन्हाळ्यात भिंतीवरची धार बारीक होते, कधी थांबते. मग मोटर लावून तेच पाणी पुन्हा वर चढवण्याचा मोह होतो. पर्यटकाला फरक कळत नाही. पण विजेच्या मोटरीने पाणी चढवायचे आणि त्या पाण्याने चक्की फिरवायची, हा उलटा न्याय झाला. त्यापेक्षा सरळ दगडालाच मोटर लावावी.

या शहराचा पाण्याशी असलेला संबंध मूळचाच चमत्कारिक आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी, याने १६१० च्या सुमारास खडकी वसवली आणि काही वर्षांतच डोंगरातले झरे नहरीने गावात आणले. तीच नहर-ए-अंबरी. पाणचक्कीची नहर त्यानंतर शतकभराने आली. पण विद्या तीच. त्याच सुमारास, १६१५ च्या आसपास, तापीकाठी बुऱ्हाणपूरला अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात कुंडी भंडाऱ्याचे भुयारी पाणी सुरू झाले. इराणमधली कनातींची कला दख्खनच्या काळ्या दगडात कशी रुजली, हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. पुढे खडकीचे फतेहनगर झाले, १६५३ नंतर औरंगाबाद झाले, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. प्रत्येक नामांतराच्या वेळी शहर हिरिरीने बोलले. पाण्याबद्दल तितक्या हिरिरीने ते क्वचितच बोलते. आणि आज त्याला पिण्याचे पाणी पैठणच्या नाथसागरातून, चाळीसहून अधिक किलोमीटर अंतरावरून, विजेच्या पंपांनी चढ चढवून आणावे लागते. तेही नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने येते.

नहरी दुरुस्त केल्या की शहराची तहान भागेल, असा भाबडा दावा मी करणार नाही. तेव्हाची वस्ती आजच्या एका प्रभागाएवढी असेल-नसेल. शिवाय तेव्हाचे पाणीही सर्वांना सारखे मिळत होते असे समजण्याचे कारण नाही. नहरीचे पाणी आधी महालात, मग मशिदीत आणि हमामात, आणि उरले तर चौकातल्या हौदात, हा क्रम त्या काळाला साजेसा होता. तेव्हा 'जुने ते सोने' ही भूमिका माझी नाही. मला वाटते ते इतकेच, की पाणी उताराने आणणाऱ्या माणसांना जमिनीचा जो अभ्यास होता, तो नकाशारूपाने तरी आपल्या हाती असावा. एका कार्यालयाला मी नहरीच्या मार्गाचा नकाशा पाहायला मिळेल का, असे विचारणारे पत्र पाठवले होते. उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा पाठवले तेव्हा दूरध्वनीवरून कुणीतरी सौजन्याने विचारले, की मराठीच्या प्राध्यापिकेला हा नकाशा कशाला हवा? प्रश्न गैर नव्हता, पण मी त्याचे नीट उत्तर देण्याआधीच फोन ठेवला गेला.

माझ्या एका इतिहासप्रेमी स्नेह्याचे म्हणणे असे की वास्तू आहे तशी स्थिर ठेवावी, चक्की चालवण्याच्या भानगडीत पडू नये. चालवले की झीज होते. लेण्यांना आणि शिल्पांना हा नियम योग्यच आहे. यंत्राला तो लागू पडत नाही, असे मला वाटते. यंत्र न चालवता ठेवले की त्याचा आस गंजतो, लाकूड तडकते आणि ते चालवण्याचे ज्ञान एका पिढीत संपते. नेदरलँड्समध्ये हे फार आधी ओळखले गेले. तिथल्या किंडरडाइकच्या पवनचक्क्या १९९७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आल्या. आणि २०१७ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली, ती चक्की चालवणाऱ्याच्या कारागिरीची. वाऱ्यावरच्या आणि पाण्यावरच्या, दोन्ही चक्क्यांची. धार केव्हा कमी करायची, दगडांतले अंतर केव्हा वाढवायचे, पीठ गरम होते आहे हे बोटांनी कसे ओळखायचे, हे जाणणारा माणूस म्हणजे वारसा. इराणमधील शुश्तरची जलव्यवस्था २००९ मध्ये यादीत गेली, तीही कालवे, बंधारे आणि चक्क्या यांच्यासह, एक सलग व्यवस्था म्हणून. आपल्या देशातच उत्तराखंडात डॉ. अनिल जोशी यांच्या 'हेस्को' या संस्थेने घराटांत सुधारणा करून त्यांना पुन्हा कामाला लावण्याचे प्रयत्न केले. तिथे घराट हे गावाच्या कमाईचे साधन आहे, म्हणून ते टिकण्याची आशा आहे.

पाणचक्कीपुढे हे सारे उदाहरण म्हणून ठेवताना मला एक अडचण जाणवते. ती उत्तराखंडातल्या घराटासारखी कुणाच्या पोटाशी बांधलेली नाही, आणि डच चक्कीसारखी कुणाच्या अभिमानाशीही नाही. दर्ग्यात येणाऱ्या भाविकाला ती दर्ग्याच्या आवारातील एक जुनी गोष्ट वाटते. सहलीला येणाऱ्याला कारंजे वाटते. शहरातल्या एका वर्गाला ती 'त्यांची' वाटते, आणि दुसऱ्या वर्गाला 'आपली' वाटली तरी नहरीच्या दुरुस्तीपेक्षा आवाराच्या हक्काचा प्रश्न निकडीचा वाटतो. मराठीच्या अभ्यासकांपैकी तर कुणालाच ती आपली वाटत नाही. कारण तिची कागदपत्रे फारसीत, तिची माणसे मध्य आशियातली, आणि तिच्यावर ओवी नाही. पण चारशे वर्षे मराठी बोलणाऱ्या माणसांनी त्या नहरींचे नळ बदलले असणार, गाळ काढला असणार, चुना मळला असणार. पाथरवटाने दगडाला टाकी लावली, ती इथल्याच हत्याराने. या मजुरांची नावे शाह महमूदांच्या ग्रंथात नाहीत आणि आपल्या बखरींतही नाहीत.

म्हणून मला दोन गोष्टी फार लांबणीवर टाकू नयेत असे वाटते. पहिली म्हणजे नहरीचा मार्ग जमिनीवर खुणा करून निश्चित करणे आणि तो शहराच्या विकास आराखड्यात दाखवणे, म्हणजे पुढच्या पायाची खोदाई होताना निदान खोदणाऱ्याला खाली काय आहे ते कळेल. हे काम वास्तुशास्त्राच्या आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांना दोन हिवाळ्यांत करता येण्याजोगे आहे. यंत्रे आता पूर्वीसारखी महाग राहिलेली नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे: चक्कीत दाणा घालावा. रोज नको, आठवड्यातून एक दिवस, बेताचे गहू किंवा ज्वारी. पीठ पुड्यांत बांधून येणाऱ्यांना द्यावे किंवा तिथल्याच अन्नछत्रात वापरावे. मूळ हेतूही तोच होता. दगडाची झीज होईल; झाली की टाकी लावावी, आणि टाकी लावायला माणूस शोधावा लागेल तेव्हा कळेल की असा माणूस अजून कुठे उरला आहे. जुन्या शहरात नळजोडणीची कामे करणारे, नहरीच्या तोंडांची माहिती असलेले वृद्ध लोक असतील, तर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवायला तर निधीचीही गरज नाही. लाखभर ओव्या जमवणाऱ्यांनी तीच पद्धत अवलंबली होती.

बुटीबोरीत बसून दूरच्या पाणचक्कीची चिंता कशाला, असेही कुणी विचारील. इथे वेणा नदी आहे, वडगावचे धरण आहे, कारखान्यांचे पाण्याचे हिशेब आहेत, त्यावर लिहावे. लिहायचे आहे. पण इथल्या जमिनीवर जे होते ते वसाहतीच्या आखणीत इतके झपाट्याने पुसले गेले, की जुन्या विहिरी कुठे होत्या हे सांगणारेही आता मोजके आहेत. ज्या मुलांनी आपल्या गावची विहीर बुजताना पाहिली नाही, कारण ती त्यांच्या जन्माआधीच बुजली, त्यांना पाणी कुठून येते हा प्रश्न पाणचक्कीपुढे पडला. प्रश्न कुठे पडावा यावर आपला ताबा नसतो. परतीच्या प्रवासात, जालना मागे पडल्यावर, तो चक्कीवाल्याचा मुलगा मला सांगत होता की त्यांच्या चक्कीचे दगड दर काही दिवसांनी त्याचे वडील स्वतः टाकतात. पूर्वी एक माणूस यायचा, तो यायचा बंद झाला. पहिल्या वेळी वडिलांच्या डोळ्यात कपरी उडाली होती. तेव्हापासून ते चष्मा लावून टाकतात.

तो मुलगा आता पदवीधर होऊन वसाहतीतल्या एका कारखान्यात लागला आहे. त्याची धाकटी बहीण यंदा प्रथम वर्षाला आहे. येत्या हिवाळ्यात पुन्हा सहल ठरते आहे असे कळल्यावर तिने भावाचा निरोप आणला: पाणचक्कीला जाणार असाल तर पायलीभर गहू बरोबर न्यावेत, तिथे दळू देतात का ते आधी विचारून ठेवावे. पत्र लिहायला घेतले आहे. कुणाच्या नावे पाठवायचे ते अजून ठरलेले नाही.